शंभर हातांचे वर्तमानपत्र : एका बनावट पुस्तकाची वाटचाल

मी नववीत असताना जिल्ह्यातल्या उर्दू शाळांच्या तकरीरी मुकाबल्यात मला पहिले बक्षीस मिळाले होते. विषय प्रसारमाध्यमांचा होता. तकरीर तयार करायला मी मामूंच्या कपाटातले एक उर्दू पुस्तक घेतले. कागद पिवळा पडलेला, मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. आत असे सांगितले होते की जगभरच्या यहुदी पुढाऱ्यांनी गुप्त बैठकीत जग ताब्यात घेण्याची जी योजना आखली, तिचेच हे इतिवृत्त आहे. सरकारे कशी पोखरायची, पैसा कसा मुठीत ठेवायचा आणि मुख्य म्हणजे वर्तमानपत्रे कशी आपलीशी करायची, याची त्यात प्रकरणेच्या प्रकरणे होती. त्यातले दोन परिच्छेद मी तोंडपाठ केले आणि हात उंचावून म्हटले. टाळ्या पडल्या. तो कप अजून अम्मीच्या शोकेसमध्ये आहे.

पुढे बी.एड. करताना मला कळले, की ज्याला इंग्रजीत 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' म्हणतात ते हे पुस्तक संपूर्ण बनावट आहे. कळले, आणि मी गप्प बसले. कोणाला सांगायचे, कशाला सांगायचे, असे वाटले. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने मुकाबल्यासाठी लिहून आणलेली तकरीर माझ्यापुढे ठेवली. तिने ती मोबाइलवर आलेल्या मजकुरातून उतरवून घेतली होती. दुसऱ्या पानावर माझेच दोन परिच्छेद होते. मी विचारले, "हे कुठून घेतलेस?" ती म्हणाली, "टीचर, ये तो सबको मालूम है."

त्या उत्तराने मला हा लेख लिहायला बसवले. बनावट पुस्तकाची कसली समीक्षा करायची, असे कोणी म्हणेल. पण साहित्यात आपण विचारतो तेच प्रश्न इथेही विचारता येतात : हे कोणी लिहिले, कोणत्या पुस्तकावरून लिहिले, कोणत्या वाचकासाठी लिहिले, आणि तो वाचक त्याला का भुलला? हे प्रश्न विचारत गेले की एक विलक्षण गोष्ट दिसते. हे पुस्तक जिथे जिथे गेले तिथे राज्यकर्त्यांनी ते लोकांना आरोपपत्र म्हणून वाचायला दिले, आणि त्यात आरोप म्हणून जे लिहिले होते तेच स्वतः राबवले. एका जुलमी राजवटीकडून दुसरी राजवट खोटे बोलायला कशी शिकते याचा इतका उघड पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

१

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. १८५१ साली लुई नेपोलियनने बंड करून सत्ता घेतली आणि वर्षभराने तो सम्राट तिसरा नेपोलियन झाला. फेब्रुवारी १८५२ च्या हुकुमाने त्याने वर्तमानपत्रांना वेसण घातली. पत्र काढायला सरकारची परवानगी लागे, अनामत रक्कम भरावी लागे, आणि न आवडणारा मजकूर छापला तर ताकीद मिळे. दोन ताकिदी झाल्या की पत्र बंद करता येई. वर्तमानपत्रांचे तोंड दाबायला हे पुरेसे होते, कारण संपादकच स्वतःवर पहारा ठेवू लागले.

मोरिस जोली नावाच्या वकिलाने या राजवटीवर एक उपहासात्मक पुस्तक लिहिले. १८६४ साली ते देशाबाहेर छापले गेले. लेखकाचे नाव त्यावर नव्हते. जहन्नममध्ये मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांची गाठ पडते आणि त्यांचे पंचवीस संवाद होतात, अशी त्याची रचना आहे. माँतेस्क्यू म्हणतो, कायद्याचे राज्य एकदा आले की हुकूमशहा परत येऊ शकत नाही. मॅकियाव्हेली हसतो आणि लोकशाहीची सगळी भांडी तशीच मांडून ठेवून आतला माल कसा बदलायचा हे शिकवतो. त्याचा मॅकियाव्हेली म्हणजे अर्थातच तिसरा नेपोलियन.

यातला वर्तमानपत्रांचा भाग मी दोनदा वाचला. मॅकियाव्हेली सांगतो, की पत्रे बंद पाडणे हा अडाण्यांचा मार्ग झाला. शहाणा राजा स्वतःच सगळ्या रंगांची पत्रे काढतो. काही उघड सरकारी, काही निमसरकारी, आणि काही चक्क सरकारला शिव्या देणारी. उमरावांचे पत्र वेगळे, प्रजासत्ताकवाद्यांचे वेगळे, क्रांतिकारकांचे वेगळे. वाचकाला वाटते, आपण आपल्याच गटाचे मत वाचतो आहोत. प्रत्यक्षात सगळ्यांच्या मागे एकच माणूस असतो. ही कल्पना समजावण्यासाठी जोलीने उपमा घेतली आहे ती आपल्याकडची. त्याच्या मॅकियाव्हेलीच्या वर्तमानपत्राला विष्णूसारखे शंभर हात आहेत. आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे की विष्णू चतुर्भुज असतो. पॅरिसच्या वकिलाला ते ठाऊक नव्हते. ही चूक लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

पुस्तक चोरून फ्रान्समध्ये आणले गेले, पकडले गेले आणि जोलीला पंधरा महिन्यांची कैद झाली. १८७८ साली त्याने आत्महत्या केली. आपल्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे त्याला कळले नाही, ही त्याच्यावर नियतीने केलेली एकच मेहरबानी.

२

जोलीच्या पुस्तकात यहुद्यांच्या कटाचा मागमूसही नाही. तो आला दुसऱ्या बाजूने. १८६८ साली हेर्मान ग्योडशे नावाच्या जर्मन लेखकाने 'बियारित्झ' ही कादंबरी लिहिली. प्रशियाच्या टपालखात्यात असताना बनावट पत्रे तयार करण्याच्या प्रकरणात त्याची नोकरी गेली होती. कादंबरीत प्रागच्या कब्रस्तानात मध्यरात्री यहुदी पुढारी जमतात आणि जग जिंकण्याचे मनसुबे रचतात, असे एक प्रकरण आहे. कादंबरी ती कादंबरीच. पण काही वर्षांतच रशियात हे प्रकरण सुटे छापले गेले, आणि हळूहळू लोक ते खरे घडलेले म्हणून वाचू लागले. कथेवरचे 'कथा' हे लेबल तेवढे काढले की बातमी तयार होते.

१९०३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या 'झ्नाम्या' या पत्रात 'प्रोटोकॉल्स' प्रथम क्रमशः छापून आले. पत्राचा चालक क्रुशेवान. याच माणसाच्या किशिनेव्हमधल्या पत्राने त्या वर्षीच्या वसंतात यहुद्यांविरुद्ध आग ओतली होती, आणि एप्रिलमधल्या दंगलीत ४९ यहुदी मारले गेले होते. म्हणजे कत्तल आधी झाली आणि तिला कारण पुरवणारा कागद काही महिन्यांनी आला. १९०५ साली सर्गेई निलुस नावाच्या धार्मिक लेखकाने तो आपल्या पुस्तकात घातला आणि तिथून तो जगभर गेला.

कागद नेमका कोणाच्या हातचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. झारच्या गुप्त पोलिसांच्या पॅरिस कचेरीकडे बरीच वर्षे बोट दाखवले गेले, अलीकडचे काही अभ्यासक ते मानत नाहीत. पण तो कसा तयार झाला यावर वाद नाही. जोलीच्या मॅकियाव्हेलीची भाषणे उचलली, माँतेस्क्यूला हाकलून दिले, आणि 'मी' च्या जागी यहुद्यांचे 'आम्ही' घातले. नॉर्मन कोहन या इतिहासकाराने १९६७ च्या आपल्या ग्रंथात हिशेब मांडला आहे : १६० हून अधिक उतारे जोलीवरून घेतलेले, म्हणजे मजकुराचा सुमारे दोन पंचमांश भाग.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला यातली सर्वात बोलकी गोष्ट वाटते ती माँतेस्क्यूची हकालपट्टी. जोलीचे पुस्तक संवाद आहे. तिथे प्रश्न विचारणारा माणूस आहे, घाबरणारा, शंका काढणारा, 'हे कसे शक्य आहे' असे म्हणणारा. 'प्रोटोकॉल्स'मध्ये एकच आवाज उरतो. प्रश्न विचारणाऱ्याला मजकुरातूनच काढले, की वाचकालाही प्रश्न सुचत नाही. नववीत मलाही सुचला नव्हता. गुप्त बैठकीत कट रचणारे लोक आपल्या दुष्टपणाची इतकी व्यवस्थित प्रकरणे पाडून का बोलतील, आणि स्वतःचे दोष असे कौतुकाने का सांगतील, हा साधा प्रश्न कोणत्याही नाटकाच्या वाचकाला पडायला हवा. हे संवाद कोणी बोलत नाही. ते फक्त ऐकवण्यासाठी लिहिलेले असतात.

३

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियातून पळालेल्या झारवादी अधिकाऱ्यांच्या सामानातून हे पुस्तक पश्चिमेला आले. १९२० साली जर्मन आणि इंग्रजी भाषांतरे निघाली. लंडनच्या 'टाइम्स'ने मे १९२० मध्ये त्याची गंभीरपणे दखल घेतली. अमेरिकेत मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या पत्राने त्यावर लेखमाला चालवली, ज्याची त्याला १९२७ साली माफी मागावी लागली. तेव्हा लोकशाही देश यापासून अलिप्त होते असे म्हणता येणार नाही.

पण तिथे एक गोष्ट घडली जी झारच्या रशियात घडली नाही. कॉन्स्टँटिनोपलमधला 'टाइम्स'चा वार्ताहर फिलिप ग्रेव्हज याच्याकडे एका रशियन निर्वासिताने एक जुने फ्रेंच पुस्तक आणून दिले. त्याचे शीर्षकाचे पान फाटलेले होते. ग्रेव्हजने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली. ओळीला ओळ जुळत गेली. आणि तिथे तो विष्णू भेटला. जोलीने केलेली चूक रशियन नकलाकाराने जशीच्या तशी उतरवली होती. यहुदी धर्मगुरूंच्या म्हणवल्या जाणाऱ्या गुप्त बैठकीत शंभर हातांचा हिंदू देव काय करत होता? आम्ही शिक्षक परीक्षेतली कॉपी अशीच पकडतो. दोन मुलांची बरोबर उत्तरे सारखी असली तर काही सिद्ध होत नाही, पण चुका सारख्या असल्या तर बाक वेगळे करावे लागतात. ऑगस्ट १९२१ मध्ये तीन दिवस 'टाइम्स'ने आपलीच चूक छापून दुरुस्त केली.

वास्तविक गोष्ट इथे संपायला हवी होती. ती संपली नाही. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात असा युक्तिवाद केला, की यहुद्यांचे म्हणवले जाणारे वृत्तपत्र हे पुस्तक खोटे असल्याचे ओरडून सांगते, हाच ते खरे असल्याचा पुरावा. या युक्तिवादाला उत्तर नाही, कारण त्यात उत्तरच पुरावा बनते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि काही जर्मन शाळांमध्ये मुलांना हे पुस्तक शिकवले गेले. हे वाचताना माझ्या हातातला खडू थांबतो. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात त्यावर खटला चालला, आणि मे १९३५ मध्ये न्यायाधीशाने पुस्तक बनावट आणि चोरीचे असल्याचा निर्णय दिला. दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली ती कायद्याच्या एका कलमापुरती. पुस्तक खरे आहे असे कोणीही म्हटले नाही.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. पुस्तक म्हणते, यहुदी सगळी वर्तमानपत्रे ताब्यात घेणार. मार्च १९३३ मध्ये गोबेल्सचे प्रचारखाते उभे राहिले आणि ऑक्टोबरमध्ये संपादकांचा कायदा आला. कोणी पत्रकार व्हायचे हे सरकार ठरवू लागले. पुस्तकात शत्रूच्या तोंडी घातलेली योजना लेखणी न बदलता सरकारी राजपत्रात आली. हाना आरेंट यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात हेच सांगितले आहे, की नाझी या पुस्तकाकडे पाहत होते ते संघटना कशी बांधावी हे शिकण्यासाठी. जोलीने फ्रेंच हुकूमशहाची पद्धत लोकांना सावध करण्यासाठी लिहून ठेवली. रशियन नकलाकाराने ती एका दुबळ्या समाजाच्या माथी मारली. जर्मन हुकूमशहाने ती परत घरी आणली. उस्ताद हुकूमशहा, शागिर्दही हुकूमशहा, आणि मधल्या रिकाम्या जागेत साठ लाख यहुद्यांची प्रेते.

४

इथवर वाचताना माझ्या वाचकाला फारसे अवघडल्यासारखे झाले नसेल. युरोपचे पाप युरोपच्या पदरात. पण मामूंच्या कपाटातले पुस्तक जर्मनीहून आले नव्हते.

सप्टेंबर १९५८ मध्ये मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांनी इजिप्तचे अध्यक्ष नासिर यांची कैरोत मुलाखत घेतली. आमच्या आधीच्या पिढीने ज्याची उर्दू आवृत्ती चवीने वाचली तेच हे 'ब्लिट्झ'. त्या मुलाखतीत नासिर यांनी करंजियांना 'प्रोटोकॉल्स' वाचण्याची शिफारस केली आणि प्रत देऊ केली. नासिर हे वसाहतवादाविरुद्ध लढलेले नेते, नेहरूंचे मित्र. सुएझच्या लढाईत आपल्या अनेक घरांत त्यांचे फोटो लागले होते. अशा माणसाने झारच्या काळातला बनावट कागद मुंबईच्या पत्रकाराच्या हाती द्यावा! आणि पुढे? मे १९६० मध्ये नासिर यांच्या सरकारने कायदा करून इजिप्तची वृत्तपत्रे सरकारच्या पक्षसंघटनेच्या मालकीची केली. सगळी वर्तमानपत्रे एका मुठीत घेण्याचा कट ज्या पुस्तकात आहे ते पाहुण्याला द्यायचे, आणि दोन वर्षांच्या आत ती मूठ स्वतःच वळायची. पुस्तक मन लावून वाचले असणार.

पुढे या पुस्तकाला अरब जगात अनेक सरकारांचा आश्रय मिळाला. १९८५ साली ते तेहरानमधून सरकारी प्रचारसंस्थेने इंग्रजीत काढले. २००२ च्या रमजानमध्ये त्यावर बेतलेली मालिका इजिप्तच्या दूरदर्शनवर रोज रात्री चालली. याचे कारण मला साधे वाटते. आपल्या प्रजेला बोलू न देणाऱ्या सरकारला एक दूरचा सर्वशक्तिमान शत्रू लागतो. रोटी महाग का, निवडणूक का नाही, तुरुंग का भरले, या सर्व प्रश्नांचे मग एकच उत्तर असते.

याला विरोध करणारे आपल्यातच होते, हे सांगितले पाहिजे. इजिप्तचे विद्वान अब्दुल वहाब अल-मसीरी यांनी हयात झायनवादाच्या चिकित्सेत घालवली. इस्राएलचे ते कडवे टीकाकार. तरीही 'प्रोटोकॉल्स' बनावट आहेत आणि त्यांचा आधार घेणे चूक आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पॅलेस्टिनींची घरे गेली, शेते गेली, माणसे गेली आणि जात आहेत. हे सांगायला कोणत्याही बनावट कागदाची गरज नाही. उलट खऱ्या साक्षीच्या गठ्ठ्यात एक खोटा कागद घातला, की समोरचा वकील पूर्ण गठ्ठा फेकून देतो.

५

शंभर हातांची कल्पना जोलीच्या काळात महाग होती. शंभर पत्रे काढायला शंभर छापखाने लागत. इंटरनेटने ती स्वस्त केली.

२१ मे २०१६ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव समोरासमोर उभे राहिले. एक जमाव टेक्सासचे इस्लामीकरण थांबवा म्हणत आला होता, दुसरा इस्लामी ज्ञानाचे रक्षण करा म्हणत. पहिल्याला 'हार्ट ऑफ टेक्सास' नावाच्या फेसबुक पानाने बोलावले होते, दुसऱ्याला 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' नावाच्या पानाने. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने उघड केले, की दोन्ही पाने रशियातल्या एकाच संस्थेतून चालवली जात होती. त्या जाहिरातींचा खर्च सुमारे दोनशे डॉलर. संस्थेचे ठिकाण सेंट पीटर्सबर्ग. ज्या शहरात ११३ वर्षांपूर्वी विष्णूचे ते वाक्य छापले गेले, त्याच शहरात कोणीतरी संगणकापुढे बसून एका हाताने मुसलमानांचा द्वेष लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने मुसलमानांची बाजू. आमची बाजू मांडणारे ते पान वाचून किती जणांना वाटले असेल, की कोणीतरी आपले बोलते आहे!

ही विद्या एका शहरात राहिली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये फेसबुकने इराणशी संबंधित अशीच शेकडो बनावट पाने बंद केली, ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटर आणि फेसबुकने हाँगकाँगच्या आंदोलकांची बदनामी करणारी चीनची खाती. आणि मधल्या काळात म्यानमार होते.

२०१७ च्या ऑगस्टअखेरीपासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने वृत्त दिले, की तिथल्या लष्कराने सुमारे सातशे माणसे कामाला लावून फेसबुकवर बनावट पाने चालवली होती. वर गायकांच्या आणि नटांच्या चाहत्यांची पाने, आत विष. सप्टेंबर २०१७ मध्ये याच यंत्रणेने बौद्धांना कळवले की मुसलमान हल्ला करणार आहेत, आणि मुसलमानांना कळवले की भिक्षू त्यांच्याविरुद्ध मोर्चे काढणार आहेत. पुन्हा तेच दोन हात. त्याच वृत्तात म्हटले आहे, की बरेच अधिकारी मानसशास्त्रीय युद्धाचे शिक्षण घ्यायला रशियात गेले होते, आणि परतल्यावर काहींनी इतरांना शिकवण्यासाठी व्याख्याने दिली. म्हणजे रीतसर वर्ग भरले होते. मी शिक्षिका आहे. शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडे कसे जाते हे मला माहीत आहे, पण त्या वर्गाची कल्पना करताना अंगावर काटा येतो.

जुलै २०१८ मध्ये त्या लष्कराच्या जनसंपर्क आणि मानसशास्त्रीय युद्ध विभागाने ११७ पानांचे एक पुस्तक छापले. रोहिंग्या हे बाहेरून घुसलेले खुनी लोक आहेत, हे छायाचित्रांनिशी 'सिद्ध' करणारे. ऑगस्टअखेर रॉयटर्सने ती छायाचित्रे तपासली. रोहिंग्यांनी बौद्धांना मारले म्हणून छापलेला फोटो १९७१ च्या बांगलादेश युद्धातला निघाला. रोहिंग्यांचे लोंढे म्हणून छापलेला फोटो १९९६ साली आफ्रिकेत रवांडाच्या निर्वासितांचा काढलेला होता. मूळ रंगीत चित्राचा रंग काढून तो जुना दिसेल असे केले होते. सप्टेंबरमध्ये लष्कराने दोन छायाचित्रांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तोवर सात लाख माणसे देशाबाहेर गेलेली होती.

या पुस्तकाशेजारी मी 'प्रोटोकॉल्स' ठेवले. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा, मूळ नाव पुसायचे, दुबळ्यांच्या माथी मारायचा आणि त्याला जुनेपणाचा रंग द्यायचा. कृती तीच आहे. फक्त यहुद्यांच्या जागी या वेळी आपण आहोत. रोहिंग्यांवरचे पुस्तक खोटे आहे म्हणून आपण संतापतो, आणि तो संताप योग्यच आहे. पण ज्या साच्यातून ते निघाले त्याच साच्यातले दुसरे पुस्तक आपल्या कपाटात असेल, तर आपला संताप अर्धाच खरा ठरतो.

६

उम्बर्तो एको यांची 'द प्राग सिमेट्री' ही २०१० ची कादंबरी 'प्रोटोकॉल्स'च्या जन्मावर आहे. एको यांनी सगळी बनावटगिरी एका काल्पनिक नायकाच्या हातून करवली आहे. कादंबरी विद्वत्तापूर्ण आहे, रंजकही आहे. तरी माझे समाधान झाले नाही. खोटे लिहिणारा त्यात इतका रंगतो की खोटे मानणारा बाजूला पडतो. नकलाकार एखाददुसरा असतो. पुस्तक जिवंत ठेवतात ते टाळ्या वाजवणारे. मी त्यांच्यातली होते, आणि टाळ्या घेणारीही.

का भुलले होते मी? पुस्तक दुष्टांविषयी होते आणि माझ्या लोकांवर जगात अन्याय होत होता, हे खरेच होते. खऱ्या दुःखाला खोटे कारण चिकटवले की ते कारणही खरे वाटते. शिवाय पुस्तक 'आपल्यां'कडून आले होते. परक्याने दिलेले खोटे आपण उलटून पाहतो, घरातल्याने दिलेले डोळ्याला लावतो. गंमत अशी की आपल्या परंपरेत याचे औषध आधीपासून आहे. हदीस ऐकली की आधी तिची सनद विचारायची. हे तुला कोणी सांगितले, त्याला कोणी, तो माणूस खरे बोलणारा होता का? मजकूर कितीही गोड असो, साखळीतला एक रावी खोटा निघाला तर मजकूर बाजूला. आपल्या बुजुर्गांनी ही शिस्त अत्यंत पवित्र गोष्टींना लावली. आपण ती मोबाइलवरच्या मजकुरालाही लावत नाही.

आणि एक गोष्ट मला नववीत आठवायला हवी होती. माझी नानी रेवदंड्याकडची. तिच्या लहानपणी तिच्या गल्लीत एक 'शनवार तेली' कुटुंब होते, म्हणजे बेने इस्राएल. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे म्हणून लोकांनी त्यांना ते नाव दिले. नानी सांगायची, त्यांच्या घरातले मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होते, आणि ती माणसे देश सोडून निघाली तेव्हा नानीच्या अम्मीने त्यांना वाटेसाठी शिदोरी बांधून दिली होती. माझ्या घराने पाहिलेले यहुदी एवढेच, खोबरेल विकणारे. स्टेजवर उभे राहून मी जग जिंकणाऱ्या यहुद्यांविषयी बोलत होते तेव्हा नानी हयात होती. मी तिला विचारले नाही. पुस्तकाला विचारले.

त्या आठवीतल्या मुलीला मी सर्व सांगितले. जोली, विष्णू, ह्यूस्टनचे दोन जमाव, लष्कराच्या पुस्तकातले फोटो. माझ्या कपाचीही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो फिर मैं क्या बोलूँ?" मी म्हटले, "हेच बोल."

तिने तेच सांगितले. तिला बक्षीस मिळाले नाही. तकरीर चांगली होती पण जोश कमी पडला, असे परीक्षकांनी शेवटी सांगितले. ते खरेही असेल. प्रश्न विचारणाऱ्या भाषणात जोश कमीच असतो. परत येताना बसमध्ये तिने मला मोबाइल दाखवला. नवा मजकूर आला होता, कोणावर तरी, कशाबद्दल तरी. तिने त्याखाली लिहिले होते : "ये किसने लिखा है?" उत्तर आलेले नव्हते.